बिदरी कोरीवकाम आणि कायकाचा प्रश्न

बिदरी कोरीवकामात कारागीर धातूवर जी रेघ खोदतो, ती वस्तू तयार झाल्यावर कुणालाच दिसत नाही. दिसते ती त्या खाचेत बसवलेली चांदी. वेलीचा प्रत्येक वळसा आणि पाकळीची प्रत्येक कड आधी छिन्नीने खोदलेली असते. मग तिच्यात तार ठोकली जाते आणि खोदणाऱ्याची मेहनत त्या तारेखाली कायमची झाकली जाते. हाताच्या कामाला उपासना म्हणायचे का, आणि म्हणायचे तर कोणत्या अटीवर, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. तो तपासून पाहायला या झाकलेल्या खाचेइतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रश्न आणि उदाहरण दोन्ही एकाच, बीदर जिल्ह्यातले आहेत. कामालाच कैलास मानणारा कायकाचा विचार बसवण्णा आणि त्यांच्याभोवती जमलेले शिवभक्त, म्हणजे शरण, यांच्यात बाराव्या शतकात कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, रुजला. बिदरीची कला पंधराव्या शतकात बहमनी राजधानी बीदरला आली, तेव्हापासूनची मानतात. एकोणिसाव्या शतकात हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंनी (1817–1865) सर्व मतांना सारखा मान देणारा सकलमत संप्रदाय उभा केला. 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. 1956 मध्ये भाषावार प्रांतरचना झाली आणि तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. घरात मराठी, शेजारी कन्नड आणि बाजारात दखनी ही इथली नेहमीची रीत आहे. माणिकप्रभूंची पदेही मराठी, कन्नड, हिंदी-उर्दू आणि संस्कृत अशा अनेक भाषांत आहेत. त्यामुळे ‘कायक’, ‘सेवा’ आणि ‘हुनर’ हे तिन्ही शब्द इथल्या माणसाच्या कानावर लहानपणापासून पडतात. श्रमाविषयीच्या तीन धर्मपरंपरा इथे शेजारी राहत आल्या आहेत.

प्रश्नाकडे वळण्याआधी काम नीट पाहायला हवे. उपासनेच्या चर्चेत काम नेहमी धूसर होते आणि ‘श्रम’ हा एकच शब्द शिल्लक राहतो. बिदरीचा धातू जस्त आणि तांब्याचा असतो. साधारण 16 भाग जस्ताला 1 भाग तांबे पडते. माती, एरंडेल आणि राळ यांच्या साच्यात वस्तू ओततात. मग कानशीने आणि पॉलिश कागदाने घासून ती गुळगुळीत करतात. या टप्प्याला ती पांढुरकी दिसते, रेघ काढली तरी उठत नाही. म्हणून तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात. पृष्ठभाग तात्पुरता काळा पडतो आणि टोकदार सळईने ओढलेली रेघ उजळ उठून दिसते. नक्षी बहुधा हातानेच काढतात, कागदावरून उतरवत नाहीत. अशरफीची बुट्टी, तीन पानांची वेल, फुलजाळी आणि खसखशीचे झाड या नमुन्यांत वर्षे घातलेल्या हाताला प्रत्येक वळण पाठ असते.

त्यानंतर कोरणी सुरू होते. वस्तू शिकंज्यात पक्की आवळतात. एका हातात बारीक टोकाची छिन्नी आणि दुसऱ्यात लहान हातोडी असते. छिन्नी रेघेवर तिरकी धरून हलके हलके ठोके देत पुढे सरकवतात. जस्त मऊ असले तरी ठिसूळ असते. ठोका जास्त बसला तर कडेचा टवका उडतो. कमी बसला तर खाच उथळ राहते. खाचेची खोली पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत सारखी असावी लागते आणि तिच्या कडा तार धरून ठेवतील अशा असाव्या लागतात. चांदीची तार किंवा पत्रा खाचेत ठेवून वरून ठोकतात. इथे डिंक नसतो, डाग नसतो. तार अडकून राहते ती केवळ खाचेच्या पकडीने. तारेच्या कामाला तारकशी आणि पत्र्याच्या कामाला तहनिशान म्हणतात. शेवटी सगळे पुन्हा घासतात. मोरचुदाचा काळेपणा निघून जातो आणि चांदी व जस्त एकाच पांढुरक्या रंगाचे दिसू लागतात. क्षणभर नक्षी जणू नाहीशीच होते.

खाच उथळ राहिली तर ते त्या दिवशी कळत नाही. तार बसलेली दिसते, वस्तू चकाकते, गिऱ्हाईक पैसे देऊन घेऊन जाते. काही वर्षांनी, कधी एका पिढीनंतर, तार कुठेतरी उचकटते. तोवर कोरणारा हिशेबाच्या बाहेर गेलेला असतो. म्हणजे या धंद्यात प्रामाणिकपणा नेमका अशा जागी लागतो, जिथे तो तपासणारे कुणी नाही आणि त्याची शाबासकीही मिळत नाही. कामाला उपासना म्हणणाऱ्या प्रत्येक विचाराची कसोटी या जागी लागते.

कायकाच्या विचारात या कसोटीला दोन कथांतून स्पष्ट उत्तर मिळते. नुलिय चंदय्या हा शरण गवताचे दोर वळून विकायचा आणि मिळकतीतून जंगमांची, म्हणजे फिरत्या शिवभक्त गुरूंची, सेवा करायचा. एकदा गवत कापताना त्याच्या अंगावरचे इष्टलिंग पाण्यात पडले. त्याने ते उचलले नाही, काम चालू ठेवले. लिंगच त्याच्या मागे लागले आणि मडिवाळ माचय्या या दुसऱ्या शरणाला मध्यस्थी करावी लागली, अशी ही कथा आहे. दुसरी कथा आय्दक्की मारय्या आणि त्याची पत्नी लक्कम्मा यांची आहे. ही दोघे सांडलेले तांदूळ वेचून दासोह, म्हणजे अन्नदान, चालवीत. एके दिवशी मारय्याने गरजेपेक्षा जास्त तांदूळ आणले तेव्हा लक्कम्माने त्याला ते परत टाकून यायला लावले. कायकात मग्न असताना गुरू, लिंग आणि जंगम यांचाही विसर पडला तर चालेल, अशा आशयाचे वचन याच मारय्याच्या नावावर आहे. कैलास कामातच आहे, हे प्रसिद्ध सूत्रही त्याच्याशीच जोडले जाते.

या दोन कथांनी कायकाच्या तीन अटी घातल्या आहेत. काम मन लावून व्हावे, मिळकत शुद्ध असावी, आणि गरजेपुरते ठेवून बाकीचे वाटले जावे. यातली पहिली अट सर्वांत धाडसी आहे. चंदय्याची कथा एखाद्या पुजाऱ्याला पटणे अवघड, कारण तिच्यात देव पाण्यात पडलेला असतानाही काम थांबत नाही.

मराठी वाचकाला इथे तेरच्या गोरोबाकाकांची आठवण होणे साहजिक आहे. धाराशिव जिल्ह्यातले तेर या पट्ट्यापासून फार दूर नाही. चिखल तुडवताना गोरोबा नामात इतके रंगले की रांगत आलेले मूल पायाखाली आले तरी त्यांना कळले नाही, ही कथा कीर्तनांतून घरोघर पोचली आहे. चंदय्या आणि गोरोबा या कथा समोरासमोर ठेवल्या की भक्तीत काम कुठे बसते याबद्दलचा एक खोल मतभेद उघडा पडतो. गोरोबांचे मन कामातून निघून देवाकडे गेले. चंदय्याचे मन देवाकडून निघून कामात राहिले. दोन्ही परंपरा आपापल्या नायकाला संतच मानतात. वारकरी कथेत पांडुरंग मूल परत देतो, म्हणून ती कथा करुणेची होते. पण कोरणाऱ्याला गोरोबांची वाट मोकळी नाही. छिन्नी हातात असताना मन दुसरीकडे गेले, मग ते देवाकडे का असेना, तर टवका उडणारच. ज्या कामात शरीराला सवय पुरते, त्या कामाबरोबर नाम चालू शकते. ज्या कामात प्रत्येक ठोका नव्याने तोलावा लागतो, तिथे अवधान दोन ठिकाणी ठेवता येत नाही. अशा कामाला उपासना व्हायचे असेल तर ते अवधानच उपासना व्हावे लागते. या बाबतीत कोरीवकाम चंदय्याच्या बाजूला उभे राहते. वारकऱ्यांमध्येही अरणच्या सावता माळ्याची भूमिका याला जवळची आहे. मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल पाहणाऱ्याला काम सोडून पंढरीला जायची निकड राहत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात आपल्या कर्मानेच ईश्वराची पूजा करावी असे सांगितले आहे. 1290 मधल्या ज्ञानेश्वरीत त्या कर्मांना पूजेच्या फुलांची जागा मिळाली आहे. वरवर पाहता कायकाचा आणि याचा सूर एकच वाटतो. पण गीतेतले स्वकर्म स्वभावाने आणि वर्णाने ठरलेले असते. कल्याणच्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, चांभार, धोबी, नावाडी आणि बुरूड एका पंगतीत बसले, ते मात्र जन्माच्या कामाला मुक्तीची अट मानायचे नाकारून. कायक म्हणजे निवडलेले, कमावून खाण्याचे काम. म्हणून तिथे चोरीचे सोडून कोणतेही काम हलके नाही आणि कोणतेही काम कुणाच्या जन्माला बांधलेले नाही. बिदरीसारख्या पिढीजात कलेत या फरकाला मोठे महत्त्व येते, ते पुढे दिसेल.

बीदर शहरातल्या बहुसंख्य उस्तादांचा धर्म इस्लाम आहे. त्यांच्या बाजूने हा प्रश्न नीयतेचा होतो. कर्माचे मोल नीयतेवर ठरते, ही हदीस सर्वश्रुत आहे. हजरत दाऊद यांना ईश्वराने लोखंड मऊ करून दिले आणि चिलखत घडवताना कड्यांचे माप नीट राखायला सांगितले, असे कुराणाच्या सबा या सूरेत येते. पैगंबराला दिलेल्या आज्ञेत कड्यांचे माप यावे, याचा अर्थ धातूकाम करणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या हाताच्या कमाईहून चांगले अन्न नाही आणि दाऊद तशा कमाईवर जगत, असेही हदीसेत आहे. इबादत अशी करावी की जणू तू त्याला पाहतो आहेस, आणि तू पाहत नसशील तर तो तुला पाहतोच आहे, ही शिकवण सूफींनी आयुष्यभरासाठी लावून घेतली. तारेखालच्या खाचेला ही शिकवण थेट लागू पडते. गिऱ्हाईक पाहत नाही, उस्तादही प्रत्येक खाच तपासत नाही. तरीही खोली राखली जाते, ती तिसरा कुणी पाहतो आहे या भरवशावर.

ही शिकवण बीदरमध्ये कुठून आली याला इतिहास आहे. सुलतान अहमदशाह वली बहमनी (1422–1436) याने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. त्याने किरमानजवळच्या माहानचे सूफी शाह नियामतुल्ला यांच्याशी संबंध जोडला. नियामतुल्लांना आपल्या शिष्यांनी आयते खात बसणे मान्य नव्हते. ते स्वतः शेती करीत. 1431 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचा मुलगा खलीलुल्ला बीदरला आला. त्याची चौखंडी नावाची कबर अष्टूरच्या वाटेवर आहे. बिदरीची कला याच सुलतानाच्या काळात इराणी कारागीर अब्दुल्ला बिन कैसर याने आणली असे परंपरा सांगते. म्हणजे दरवेशाने हाताने कमवावे म्हणणारा पंथ आणि हातानेच सर्व काही करणारी कला एकाच दरबाराच्या आश्रयाला आली. दोहोंत कार्यकारणभाव जोडणे घाईचे ठरेल, पण दोन्ही एकाच गावात सहाशे वर्षे नांदली एवढे खरे. अहमदशाहाच्या अष्टूरच्या कबरीवर आजही उरूस भरतो. त्यात लिंगायत जंगमाला मान असतो आणि अनेक लिंगायत भाविक या सुलतानाला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. कल्याणचा अनुभवमंटप ज्यांच्या अध्यक्षतेखाली चालला त्या अल्लमप्रभूंचे नाव एका मुसलमान राजाला मिळावे, ही सीमाभागाच्या धर्मजीवनातली फार मोलाची गोष्ट आहे.

मात्र कायकाच्या विचारात या कलेसाठी एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. बसवण्णांनी घडवलेल्या, उभ्या राहणाऱ्या गोष्टींवर भरवसा ठेवला नाही. श्रीमंत देवळे बांधतात, गरिबाचे शरीरच देऊळ. जे स्थावर आहे ते पडेल, जंगम टिकेल, असा त्यांचा विचार आहे. बिदरी सुराही किंवा हुक्क्याचे भांडे हे तर शुद्ध स्थावर, आणि तेही बहुधा श्रीमंताच्या दिवाणखान्यासाठी. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात बिदरी वस्तू मांडल्या गेल्या. आज त्या जगभरच्या संग्रहालयांत काचेआड आहेत. मग असे काम कायक कसे?

याचे उत्तर असे देता येते की कायकात मोल घडलेल्या वस्तूचे नसून घडवण्याचे आहे. दोर जळून जातो, दोर वळणे राहते. पण हे उत्तर अपुरे आहे. घडवण्यालाच सारे मोल असेल तर उथळ खाच आणि खोल खाच यांत फरक का करायचा? मन शुद्ध होते, एवढे म्हणून वाईट काम झाकता येईल. इथे वस्तूला पुन्हा मध्ये आणावे लागते. वस्तू हे ध्येय नाही, पण नीयत खरी होती की नाही याची ती एकमेव साक्ष आहे. मनातले कुणाला दिसत नाही आणि मन स्वतःलाही फसवते. तार 50 वर्षांनी जागची हलली नाही तर त्या दिवशी छिन्नी धरणाऱ्याचे मन कुठे होते हे कळते. म्हणून कायकात हेतू आणि हुनर यांची फारकत करता येत नाही, आणि जो भक्तीचे कारण सांगून कामात ढिलाई करतो त्याला या विचारात जागा नाही.

पुनरावृत्तीचा मुद्दाही याच्याशीच जोडलेला आहे. तीच बुट्टी हजारो वेळा कोरणे म्हणजे जप आहे की कंटाळा, असे विचारले जाते. दोन्हींत हाताची हालचाल एकच असते, म्हणून बाहेरून निकाल लावता येत नाही. जपमाळेवरचा जपही यांत्रिक होऊ शकतो हे सर्व धर्मांच्या आचार्यांना माहीत आहे. इथेही साक्ष खाचेचीच घ्यावी लागते.

कामाचा शेवटचा टप्पा कोरणाऱ्याच्या हातात उरत नाही. बीदरच्या किल्ल्यातली, ऊन-पावसापासून वर्षानुवर्षे दूर राहिलेली माती आणतात. जुने कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. नवसागर आणि पाणी घालून तिचा लेप करतात आणि तापवलेल्या वस्तूवर तो चोळतात. जस्त-तांब्याचा मिश्रधातू गडद, न जाणारा काळा होतो. चांदीवर मातीचा काहीच परिणाम होत नाही. एकरंगी झालेली नक्षी काळ्यावर पांढरी उजळून येते. मग तेलाचा हात फिरवला की वस्तू तयार होते. मातीतले क्षार धातूशी रासायनिक क्रिया करतात, यात गूढ असे काही नाही. तरी प्रयत्न आणि कृपा या धार्मिक जोडीचा विचार करणाऱ्याला हा टप्पा नजरेआड करता येणार नाही. माणसाने करायचे ते सारे करून झाल्यावर वस्तू अजून अपुरी असते. तिला पुरे करणारी माती कुणी बनवलेली नाही. आणि खाच नीट नसेल तर तीच माती दोषही ठळक करते. मेहनतीची उणीव कृपा भरून काढत नाही, असे इथे स्पष्ट दिसते. कृपेवर प्रवचने देणाऱ्यांनी ही बाजू फारशी मांडलेली नाही.

कर्ता कोण, हा तत्त्वज्ञानातला प्रश्नही कारखान्यात रोजचा आहे. ओतणारा, घासणारा, नक्षी काढणारा, कोरणारा, तार बसवणारा आणि काळे करणारा हे अनेकदा वेगवेगळे लोक असतात. जुन्या बिदरी वस्तूंवर कारागिराचे नाव सहसा सापडत नाही. याउलट चौखंडीच्या दारावरच्या काळ्या दगडातल्या सुलेखनात मुघीस शिराझी याचे नाव कोरलेले आहे. अक्षरे लिहिणाऱ्याला नाव मिळाले, फुले कोरणाऱ्याला मिळाले नाही. निनावी राहण्याला निष्काम कर्म म्हणून गौरवणे सोपे आहे. पण नाव स्वतःहून सोडणे वेगळे आणि नाव कुणी विचारलेच नाही हे वेगळे. पहिले वैराग्य आहे, दुसरा अन्याय आहे. 2023 मध्ये बीदरचे बिदरी कलाकार शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. त्या वेळी निदान एक नाव देशभर पोचले, हे या दृष्टीने योग्यच झाले.

मजुरीच्या बाबतीत हाच भेद अधिक बोचतो. चांदीचा भाव चढला की वस्तू महाग होते, पण चढलेली किंमत कोरणाऱ्याच्या मजुरीत उतरतेच असे नाही. नगावर मजुरी ठरली की खाच उथळ ठेवून नग वाढवण्याचा मोह कारागिराला परिस्थितीच घालते. अशा वेळी ‘काम हीच पूजा’ हे वाक्य मजुरी कमी देणाऱ्याच्या तोंडी आले तर तो त्या विचाराचा गैरवापर आहे. कायकाच्या तिन्ही अटी काम करून घेणाऱ्यालाही लागू आहेत. शुद्ध मिळकतीची अट व्यापाऱ्याला सोडून फक्त मजुराला लावता येत नाही. लक्कम्माने जास्तीचे तांदूळ परत टाकायला सांगितले, ते घरात साठा असलेल्यालाच अधिक लागू आहे. मजुराला त्याचा घाम सुकण्याआधी मोबदला द्यावा ही हदीसही हेच सांगते. बीदरच्या चौबाऱ्याजवळच्या दुकानांत घासाघीस करणाऱ्या प्रवाशालाही या नियमातून सूट नाही.

उरतो तो प्रश्न हे काम कुणी करावे याचा. बिदरी पिढ्यानपिढ्या मुसलमान आणि लिंगायत कुटुंबांत चालत आली. बापाने मुलाला शिकवावे ही रीत. मुलगा हे काम सोडून हैदराबादला किंवा पुण्याला दुसऱ्या नोकरीवर गेला तर तो धर्म सोडून गेला का? स्वकर्माच्या जुन्या चौकटीत या प्रश्नाला अवघड उत्तर मिळते. कायकाच्या चौकटीत उत्तर सोपे आहे. त्याने निवडलेले दुसरे प्रामाणिक काम हेही कायकच. आणि ज्याच्या घरात छिन्नी कधी नव्हती तो ही कला शिकायला आला तर त्यालाही तितकाच अधिकार आहे. बीदरमध्ये आता प्रशिक्षणातून नव्या घरांतली मुले आणि स्त्रियाही या कामात येऊ लागल्या आहेत. त्यांना पहिल्यांदा शिकवतात ती सरळ रेघेची सारख्या खोलीची खाच. वेल आणि बुट्टी पुढे येते.